पांढऱ्या मेपलचा भाव

११ जानेवारी

चारशे! हजार फुटांना चारशे डॉलर! गेल्या हिवाळ्यात माझ्या याच रानातल्या, याच मेपलला हाच माणूस सहाशे साठ देऊन गेला होता.

लुसियन गॅन्यों गाडीतून उतरलासुद्धा नाही. इंजिन चालू, काच अर्धी खाली. सीमेपलीकडच्या सॉ मिलसाठी तो गेली कित्येक वर्षं आमच्या भागातलं लाकूड घेतो. म्हणाला, "बाई, मी काय करू? लोकांना आता प्लास्टिकची फरशी हवी. लाकडासारखी दिसणारी! स्वयंपाकघरातली कपाटं रंगवलेली हवीत. रंगाखाली मेपल आहे की पुठ्ठा, कोण वाकून बघतंय?"

मी म्हटलं, "तुमच्या मिलमधून फळी काय भावानं बाहेर पडते ते मला ठाऊक आहे. तिथं नाही कुणी पुठ्ठ्याचा भाव लावत."

"तुम्हाला सगळंच ठाऊक असतं," म्हणाला आणि हसला. "ऑरिनची थप्पी बघून आलो. सुरेख लाकूड. दुधासारखं. त्याच्यासाठी चारशे वीस."

ऑरिनसाठी! उपकार केल्यासारखं! माझ्या जुन्या मित्रानं, ऑरिन टॅफ्टनं, वरच्या उतारावरचं त्याचं मेपलचं रान या हिवाळ्यात तोडलं, ते त्याच्या बायकोसाठी. व्हर्ना दोन वर्षं गावाजवळच्या वृद्धाश्रमात आहे. तिला माणसं आठवत नाहीत. तो रोज दुपारी जातो, स्वतःच्या हातानं तिला सूप भरवतो. आश्रमानं दर वाढवले. वसंतापर्यंत सोय झाली नाही तर तिला सरकारी ठिकाणी हलवतील — डोंगरापलीकडे, दोन तासांवर. ऑरिनचं वय एकाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो दोन तास गाडी चालवत रोज जाणार?

चारशे वीसमध्ये व्हर्ना जवळ राहत नाही. सहाशेत राहते. इतकं सरळ आहे हे.

१२ जानेवारी

कडाक्याची थंडी. रान खडखडीत गोठलंय. चारी टेकड्यांवर करवती चालू आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या टेकडीवर एकटा. हेच तर त्या लुसियनचं भांडवल!

१९ जानेवारी

शेतकरी सभागृहात सभा. माझा घसा बसलाय. पण बसू दे!

एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. सतरा रानमालक. कुणाचं वीस एकर, कुणाचं साठ. निम्म्यांना मी शाळेत शिकवलंय, ते अजून "बाई" म्हणतात आणि टोपी काढतात.

बोलले. चाळीस मिनिटं बोलले असेन. दूधवाल्यांनी दूध रस्त्यावर ओतलं तेव्हाचं सांगितलं, विणकर बायकांनी मागांवरून हात काढून घेतले तेव्हाचं सांगितलं. म्हटलं, "तो तुमच्या दारात येतो तेव्हा तुम्ही एकटे असता. तो आणि तुम्ही. म्हणून तो चारशे म्हणतो आणि तुम्ही मान खाली घालता. सतरा थप्प्या एक करा! एकच सौदा, एकच भाव. सहाशेच्या खाली एक ओंडका हलणार नाही. मग बघू कोण मान खाली घालतो!"

टाळ्या. पाय आपटले लोकांनी. हात वर आले — एक, दोन, मग जवळजवळ सगळेच.

ऑरिन शेवटच्या खुर्चीत. त्याचा हात खालीच. मला म्हणाला, "हॅटी, किती दिवस थांबायचं?"

"मार्चच्या मध्यापर्यंत. बर्फ वितळून रस्ते मऊ झाले की जड गाड्यांना बंदीच्या पाट्या लागतात, त्या लागायच्या आत तो येईल. त्याच्या आवारात लाकूड संपत आलंय, मी डोळ्यांनी बघून आलेय."

"पाट्या लवकर लागल्या तर?"

"गेल्या कित्येक वर्षांत वीस मार्चच्या आत लागलेल्या नाहीत."

त्यानं जरा विचार केला. "तू म्हणतेस म्हणजे झालं," म्हणाला आणि हात वर केला.

२ फेब्रुवारी

ऑरिनबरोबर व्हर्नाला भेटायला गेले. मक्याचं सूप, खारी बिस्किटं. निळा स्वेटर घालून खिडकीशी बसली होती. सव्वीस वर्षं ती जुन्या सॉ मिलमध्ये ओंडके मोजायला होती. हातात मोजपट्टी, तोंडात पेन्सिल. आवाज असा की करवतीवरून ऐकू यावा. एखादा ट्रकवाला वाईट ओंडका तळाशी दडवून आणी, तर ही बाहेर यायची आणि सगळ्या आवारासमोर त्याची अब्रू काढायची.

आता हळू बोलते. ऑरिन भांडी धुवायला गेला तेव्हा माझ्याकडे वाकून म्हणाली, "हा माणूस रोज येतो. फार चांगला आहे. लग्न झालंय का त्याचं?"

ऑरिननं ऐकलं. मागूनच म्हणाला, "झालंय. बायको भारी कडक आहे."

"अरेरे," व्हर्ना म्हणाली. "चांगल्यांना नेमक्या तशाच मिळतात."

आम्ही तिघंही हसलो. परत येताना गाडीत ऑरिन म्हणाला, "आज तिनं पूर्ण वाटी संपवली."

९ फेब्रुवारी

लुसियनचा फोन. आवाजात साखर.

"बाई, संबंध तोडायचे नाहीत आपल्याला. पाचशे."

"सहाशे."

"तुम्ही इतिहास शिकवायचात ना? मग वनस्पतिशास्त्रही आठवा थोडं. थांबायला माझ्याकडे वेळ आहे. मेपलकडे नाही."

खरं आहे, मेपलकडे नाही. कापलेला ओंडका थंडीत पांढरा राहतो. ऊब लागली की आतल्या रसामुळं लाकडाला करडे डाग पडतात, आणि डागाळलेलं मेपल कुणी घरात घेत नाही. पण हे त्यानं मला सांगावं? मी म्हटलं, "हिवाळा अजून सहा आठवडे आहे. तुमच्या आवारात किती दिवसांचं लाकूड उरलंय, ते आधी मोजा."

फोन आपटला. मीच!

सतरा जणांना कळवलं. शाबास म्हणाले. ऑरिनला घरी जाऊन सांगितलं. तो चूल पेटवत होता.

"पाचशे म्हणाला?"

"पाचशे! महिन्यापूर्वी चारशे म्हणत होता. वाकलाय तो, ऑरिन! अजून एक धक्का."

"बरं," म्हणाला.

पाचशेला व्हर्नाचं वर्षभराचं भागलं असतं का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

पाऊस. फेब्रुवारीत पाऊस! पागोळ्या सकाळपासून गळतायत. मेपलच्या रसाचा पाक करणारे साखरवाले खूश — लवकर रस सुरू होणार म्हणून झाडांना भोकं पाडत सुटलेत. दुकानात एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, "हॅटी, यंदा पाक लवकर!"

मी हसले.

२३ फेब्रुवारी

आजही ऊब. रात्रीसुद्धा गोठलं नाही. उंबऱ्यापाशी चिखल.

२६ फेब्रुवारी

पाट्या लागल्या.

ड्वेन — गावच्या रस्त्यांचा मुकादम, माझाच विद्यार्थी — दुपारी आमच्या वळणावर खांबाला पाटी ठोकत होता. जड वाहनांना बंदी. मी नुसती बघत उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, मला तरी कुठं हौस आहे? रस्ता बघा, खिचडी झालीय. माझी स्वतःची गाडी रुतली सकाळी."

तीन आठवडे लवकर! कुठल्या पुस्तकात होतं हे?

लुसियनला फोन केला. म्हटलं, पाचशे. तो म्हणाला, आणि या वेळी खरंच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता — "घेतलं असतं की, बाई. पण ट्रक कुठून आणू?"

२८ फेब्रुवारी

दिवसभर ऑरिनच्या थप्पीशी. उत्तरेच्या सावलीत उरलेला बर्फ फावड्यानं आणून ओंडक्यांवर टाकला, त्यावर ओला भुसा. टोकांतून डाग आत शिरू नयेत म्हणून तिथं मेण लावलं. दोघं म्हातारी माणसं, एक फावडं त्याचं, एक माझं. ऑरिन मधेच थांबून म्हणाला, "पोलीस आले तर काय सांगणार? बर्फ पळवतोय म्हणून?"

मला हसू येईना. म्हटलं, "मंगळवारी गावसभा आहे. मी सूट मागणार आहे. तीन दिवस, पहाटेची वेळ, फक्त लाकडाच्या गाड्या. बघच तू."

तो बर्फ टाकत राहिला.

५ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहून टाकते.

गावसभा. सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत. घडीच्या खुर्च्या, मागे जेवणाची टेबलं, भाजलेल्या घेवड्याचा आणि कॉफीचा वास. बर्फ काढायच्या यंत्राच्या खर्चावर एक तास वाद, वाचनालयाच्या छपरावर अर्धा तास. मग माझा ठराव.

ड्वेन उठला. "बाई, गेल्या वर्षी त्या मोठ्या कंपनीच्या गाड्यांनी आपले रस्ते उखडले, तेव्हा तुम्हीच इथं उभं राहून ठराव मांडलात. कुणालाही सूट नाही, गरीब असो की श्रीमंत. मी तर तुम्हालाच मत दिलं होतं!"

हशा. मी थांबले नाही. म्हटलं, कायदा माणसांसाठी असतो. कंपनी रस्ता मोडून निघून जाते, आम्ही मोडलेला रस्ता आम्हीच दुरुस्त करू, ही मी लेखी हमी देते. म्हटलं, तुमच्यातल्या सतरा घरांचं वर्ष त्या थप्प्यांमध्ये पडलंय, आणि दर दिवशी ते आतून काळं पडतंय. नाव घेतलं नाही, पण म्हटलं, यातला एक माणूस ही लाकडं विकून कुणाला तरी जवळ ठेवू बघतोय. तुमच्यातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. तिनं तुमच्या बापांचे ओंडके मोजलेत.

मला कळतं, सभा कधी हातात येते ते. आली होती! मागच्या बायका डोळे पुसत होत्या.

आणि ऑरिन उठला.

चाळीस वर्षं तो गावसभेला येतोय. एकदाही बोललेला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून, जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी मार्चात व्हर्ना जिन्यावरून पडली. रुग्णवाहिका टेकडीखाली रुतली. तासभर. रस्ता लाकडाच्या गाड्यांनी फोडला होता. त्यात माझ्या लाकडाच्याही होत्या." मग थोडं थांबून, "वरच्या वळणावर आता त्या केलरच्या सुनेला दिवस गेलेत. आठवा चाललाय. मी नाही म्हणतो."

बसला.

सभापतींनी मत घेतलं. "नाही" इतकं मोठ्यानं आलं की मोजायची गरजच पडली नाही.

जेवणाच्या वेळी मी खिडकीशी उभी. ऑरिन दोन ताटल्या घेऊन आला. घेवडा, डुकराचं मांस, सफरचंदाच्या पायचा तुकडा. "खा," म्हणाला. "रागावलीस?"

"मी तुझ्यासाठी बोलत होते!"

"माहीत आहे गं. बोललीस छान."

६ मार्च

मला त्याचा राग आलाय. आणि राग आल्याची लाज वाटतेय. दोन्ही एकदम.

१८ मार्च

थप्पीवरचा बर्फ संपला. ओंडक्यांना आंबटगोड वास येतोय, सालीवर माश्या. मेण जिथं सुटलंय तिथं टोकांवर करड्या रेषा — पाण्यात शाई सांडावी तशा.

माझ्याही थप्पीची तीच गत. सतराही जणांची. कुणी येऊन शिव्या देत नाही. बिल केलरनं रस्त्यात गाडी थांबवली, मला वाटलं आता देणार. तर "अंडी हवीत का, बाई?" म्हणाला.

शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं माझ्याकडे.

२ एप्रिल

आज पुन्हा मनाशी सगळं मांडून बघितलं. एकत्र यायला हवं होतं — बरोबर. भाव अन्यायाचा होता — बरोबर. एकटा माणूस नागवला जातो — शंभर टक्के बरोबर. एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. मग हे असं का झालं?

सभेत उभी राहिले की मला माणसं दिसतात. चेहरे, हात. त्या दिवशी सभागृहाबाहेर रानात रचलेलं लाकूड मला दिसलं नव्हतं. ते माझं ऐकणारं नव्हतं, आणि त्याचीच गोष्ट चालली होती.

१६ एप्रिल

आश्रमातून ऑरिनला फोन आला. फोनवरची बाई सौम्य होती म्हणे, फार वाईट वाटत होतं तिला. मेच्या दहा तारखेला व्हर्नाला डोंगरापलीकडे हलवणार.

मी माझ्या बचतीतले पैसे घेऊन गेले. त्यानं पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही.

"हॅटी, तुझी थप्पी पण तिथंच सडतेय."

"मला एकटीला काय लागतं?"

"तुझ्या छपराला लागतं. गेल्या पावसात गळतीखाली बादली ठेवली होतीस तू. आणि एवढ्यानं किती महिने? दोन? मग पुन्हा तिला हलवायचं. तिला एकदाच हलवू दे. दोनदा सोसवायचं नाही तिला."

मी म्हटलं, माझ्या ओढ्याकाठची उभी झाडं तोडते, आजच. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. "रस चढलाय झाडांत. कापशील आणि आठवड्यात करडं. एवढं तरी शिक आता!"

चहा घेऊन जा म्हणाला. घेतला.

३ मे

रस्ते उघडले. लुसियन आला. या वेळी गाडीतून उतरला.

छोट्या कुऱ्हाडीनं ऑरिनच्या एका ओंडक्याचा ढलपा काढला. मग दुसऱ्याचा. मग मधल्या रांगेतल्या एकाचा, जणू तिथं तरी काही उरलं असेल. सगळीकडे करडं. ढलपा हातात धरून उभा राहिला.

"पॅलेटचं लाकूड," म्हणाला. "खोकी, माल वाहायचे सांगाडे. एकशे ऐंशी. यातही मला काही सुटत नाही."

ऑरिन म्हणाला, "घेऊन जा. दहा तारखेनंतर गाड्या पाठव."

मग लुसियन माझ्याकडे वळला. खिशात हात घालून, बुटानं माती उकरत. "बाई, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो. पांढरं मेपल सातशेवर गेलंय. मिळतच नाही कुठं. सगळ्या भागात असंच झालं. लवकर ऊब, रस्ते बंद. मिलवाले दारोदार फिरतायत. तुम्ही म्हणत होतात, भाव चढणार. चढला."

म्हणजे आमचंच लाकूड नासलं म्हणून! आमच्यासारख्या शेकडो थप्प्या जागच्या जागी काळ्या पडल्या, आणि त्यांच्या नासण्यावर भाव चढला!

मी त्याच्या अंगावर धावून गेले नाही. धावून जाण्यासारखं त्यात त्याचं काही नव्हतं.

४ मे

दुकानात, दुधाच्या कपाटापाशी, कुणीतरी मागून म्हणालं, "हॅटी, तू बरोबर होतीस हं! सातशे झाला!"

मनापासून म्हणत होता. मी दूध न घेता घरी आले.

९ मे

ऑरिन म्हणाला, उद्या तू गाडी चालव. माझा डोळा बरा नाही.

डोळ्याचं कारण नव्हतं ते.

१० मे

व्हर्ना मागच्या सीटवर, निळा स्वेटर, मांडीवर छोटी पेटी. ऑरिन तिच्या शेजारी. डोंगराचा रस्ता त्याच्या थप्पीवरूनच जातो. ती एकदम म्हणाली, "थांबा." तोच जुना आवाज. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

उतरली. चिखलातून सरळ ओंडक्यांपाशी गेली, एका टोकावर तळहात ठेवला, नखानं मेण खरवडलं. वाकून बघितलं.

"एवढं लाकूड! कुणी ठेवलं हे इतके दिवस?"

ऑरिन म्हणाला, "मी."

"तू? छे! तुला कुणीतरी सांगितलं असणार."

"नाही गं. मीच."

मी तिथंच उभी होते, दोन हातांवर. तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग त्याला विचारलं, "आणि ही कोण?"

"आपली मैत्रीण," तो म्हणाला. "चल, लांब जायचंय."